भात कोणाचं

आमच्या टोकावड्याच्या बाजूला सीए व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही. काखेत फायलींची पिशवी, खिशाला दोन पेनं आणि मुरबाडच्या कचेऱ्यांमध्ये कोणाला कधी चहा पाजायचा याची माहिती, एवढं असलं की माणूस सीए झाला. आमच्या भातगिरणीचे असे सीए म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. मी त्यांना भावोजी म्हणते, माझा नवरा दाजी म्हणतो. गिरणीचा एकूण एक कागद कित्येक वर्षं त्यांच्या पिशवीत राहत होता. ते स्वतः सही करत नसत. ताळेबंदावरची सही ते कल्याणहून आणून देत. मी शहापूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. "सही आणून देतो" हे त्यांचं वाक्य मला लग्न झाल्यापासून खुपायचं. सही कुणाची आणि त्याने नेमकं काय बघून ती केली, हे मला विचारायचं होतं. पण नणंदेच्या नवऱ्याला हे विचारणार कोण?

शेवटी ते बँकेने विचारलं.

गोदामातला माल तारण धरून बँक आम्हाला उचल देते आणि दरवर्षी जूनमध्ये ती नव्याने मंजूर करते. त्या वर्षी मे महिन्यात आम्हाला दोघांना बोलावणं आलं. नवीन साहेब होते. बोलायला मऊ, पण एक शब्द जास्त नाही. आता म्हणे सीएच्या प्रत्येक सहीबरोबर एक नंबर येतो, तो कॉम्प्युटरवर टाकला की सही खरी का खोटी ते समजतं. त्यांनी आमच्या ताळेबंदावरचा नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडे फिरवला. तसा नंबर जगात कुठेच नव्हता.

"जूनअखेरपर्यंत खऱ्या सीएने तपासलेला ताळेबंद आणा," साहेब म्हणाले. "नाहीतर खातं थकीत धरावं लागेल. मग तारण मालाला आम्हाला कुलूप घालावं लागतं."

माझा नवरा घाबरला की हसतो. तो हसला. साहेबांना वाटलं असेल, काय निर्ढावलेला माणूस आहे.

बाहेर आल्यावर म्हणतो, "दाजी करतील कायतरी."

"दाजींनी केलंय म्हणूनच तर इथे उभे आहोत," मी म्हटलं. भर रस्त्यात, मोठ्याने. दोन माणसं वळून बघायला लागली तशी मी पदर सावरला, पण आवाज काही खाली आणला नाही.

मग सुरू झाला सीएचा शोध. लेकीसाठी स्थळं बघावीत तशी आम्ही उन्हातान्हात माणसं बघत फिरलो. कल्याणला एक मोठं ऑफिस पाहिलं. काचेची केबिन, गार हवा, आणि आमच्याशी बोलायला नुकती मिसरूड फुटलेली दोन मुलं. साहेब दिसलेच नाहीत. "तुमची फाईल छोटी आहे," असं एकाने मला समजावलं, जणू माझ्या पोटी जन्माला आलेलं काहीतरी खुजं निघालं होतं. दुसरे मुरबाडचेच, पाटीवर डिग्री खरी, माणूस गोड. त्यांनी आमचा धंदा काय ते विचारायच्या आधी विचारलं, "नफा किती दाखवायचाय?" नवऱ्याला ते फार आवडले. मी चप्पल घालून जिन्यात जाऊन उभी राहिले.

तिसऱ्या मॅडम शहापूरच्या. आसनगावहून रोज येणाऱ्या, एसटी स्टँडजवळ हार्डवेअरच्या दुकानावर छोटंसं ऑफिस. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गिरणी बघायला कधी येऊ?"

"बघायला कशाला?" नवरा म्हणाला. "सगला कागद आनलाय ना आमी."

"कागद तर बँकेनेही बघितलाय," त्या म्हणाल्या.

मला त्या तिथेच पटल्या. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, कारण हा प्रश्न इतकी वर्षं मला सुचायला हवा होता आणि सुचला दुसरीलाच.

आमचं काम हातात घेण्याआधी, ज्यांच्या नावाची सही आजवर येत होती त्या कल्याणच्या गृहस्थांना मॅडमकडून रीतसर पत्र जावं लागणार होतं. तसा नियमच आहे म्हणाल्या. पत्र गेलं. ते कोणाकडे पोचलं देव जाणे, पण दोनच दिवसांत नणंदेचा फोन आला. "माज्या नवऱ्याला चोर ठरवलंत तुमी. भावाच्या घरचा चहा पन नको आता आमाला." नवरा फोन कानाला लावून हो नाय, हो नाय करत राहिला. त्या दिवशी जेवण वाढलं तर ताटातली भाकरी मोडून तशीच ठेवली.

इथे आमच्या गोदामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. पूर्वी आमच्याकडे घरोघरी भाताची कणगी असे. आता स्लॅबची घरं झाली, फरश्या आल्या आणि कणगीला कोपरा उरला नाही. झोडणी झाली की लोक भात सरळ आमच्या गोदामात आणून टाकतात आणि लागेल तसं भरडून घेऊन जातात. ओढ्यापलीकडच्या वाडीतली माणसं तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात. बंद झोपडीत भात ठेवलं तर ते घुशी खाणार. म्हणून तेही आमच्याकडेच असतं. पावसाळ्यात ती माणसं परत आलेली असतात, हाताला रोज काम नसतं, तेव्हा हेच भात त्यांचं पोट. पावती नाही, वही नाही. पोत्याच्या तोंडाला घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, झाली खूण. कोणाची चिंधी कुठली ते माझ्या नवऱ्याला पाठ. भरडायचे पैसे कोणी देत नाही. कोंडा आणि तूस आमच्याकडे राहतं, त्यावर आमचं भागतं. आम्ही स्वतः विकत घेतलेलं भातही असतं, पण ते मागच्या भिंतीला लागून, थोडंसं.

मॅडम आल्या तेव्हा गोदाम छपरापर्यंत भरलेलं होतं. त्या दारातच थांबल्या आणि सगळीकडे नजर फिरवली.

"हे भात कोणाचं?"

"आपलंच," नवरा म्हणाला.

त्यांनी लिहायला सुरुवात केली. नवरा काय म्हणाला ते मला कळलं होतं आणि मॅडमना वेगळंच ऐकू गेलं होतं. आमच्याकडे 'आमचं' म्हणायची पद्धतच नाही. पाहुण्याला घर दाखवायचं तर 'आपलंच घर', शेजाऱ्याची म्हैस व्याली तर 'आपली म्हैस व्याली'. 'आमचं' म्हटलं की समोरच्याला तोडून बोलल्यासारखं होतं. आणि या शब्दावर माझा किती जुना राग! आपलीच गिरणी म्हणून कोणीही केव्हाही यायचं, आपलीच गिरणी म्हणून कोंडासुद्धा कोंबड्यांना मागून न्यायचा, आपलाच टेम्पो म्हणून लग्नाचं सामान वाहायला सांगायचं. या 'आपलं'पायी आमचा पाय कधी वर आला नाही, असं मी नवऱ्याला हजारदा ऐकवलं आहे.

"आपलं म्हणजे तुमच्या फर्मचं?" मॅडमनी विचारलं.

"फर्मचं कसं? गावाचं. वाडीचं," नवरा हसत म्हणाला. "पन आपलंच ना."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी पिशवीतून आम्ही दर महिन्याला बँकेला देत होतो तो मालाचा तक्ता काढला. त्यात गोदामातलं सगळं भात आमच्या नावावर होतं. खाली नवऱ्याची सही.

"ही सही तुमची?"

"माजीच."

"वाचून केली होती?"

"दाजींनी दिलं तं केली."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा उचल घेतली तेव्हा भावोजी याच दारात उभे होते. त्यांनीही हेच विचारलं होतं आणि नवऱ्याने हेच उत्तर दिलं होतं. भावोजी गावचेच जावई, त्यांना 'आपलं' म्हणजे काय ते कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण तारण जितकं मोठं तितकी उचल मोठी, म्हणून त्यांनी तो शब्द सोयीचा करून घेतला.

मॅडम एका पोत्यावर बसल्या आणि त्यांनी आम्हाला नीट समजावलं. "कागदावर हे सगळं भात तुमचं आहे आणि बँकेच्या तारणात आहे. उद्या कुलूप लागलं तर ज्याचं पोतं त्यालासुद्धा ते बाहेर काढता येणार नाही. आणि मी खरं लिहिलं तर तारण एकदम कमी होईल. जादा दिलेली उचल बँक तुमच्याकडून परत मागेल."

परत कुठून देणार? आमच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती, टोकावडे रस्त्यावरची जागा. तिथे आपलं छोटं दुकान टाकायचं, तांदूळ, पोहे, कुरमुरे मुंबईहून माळशेजला जाणाऱ्या गाड्यांना विकायचे, हे नवऱ्याच्या मनात लग्नाआधीपासून होतं. तो दर रविवारी तिथे उगीच जाऊन गवत काढून यायचा.

दुसऱ्या दिवशी भावोजी आले. चहा नको म्हणणारे बाहेरच्या ओट्यावर बसले आणि चहा प्यायले.

"कागदात काय ठेवलंय?" ते नवऱ्याला म्हणाले. "इतकी वरसं कोनाचं पोतं गेलं काय? भात पन आपलं, मानसं पन आपली. ती पोरगी शिकून आलेली, तिला गाव काय म्हाईत? मी दुसरी सही बघतो. नंबरवाली."

खोटं नव्हतं त्यांचं. एकही पोतं कधी गेलं नव्हतं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या डोळ्यात ती रस्त्यावरची जागा मला स्पष्ट दिसत होती, आणि मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी संताप आला.

"आणा सही," मी म्हटलं. "आणि साहेबांनी कुलूप घातलं तर श्रावणात वाडीत जाऊन तुम्हीच सांगा, काय खायचं ते. मी जाणार नाही."

भावोजी उठले. "वैनी, तुमी लय शिकल्या," असं म्हणून त्यांनी कप ओट्यावर आपटला. नवऱ्याने मला थांबवलं नाही आणि त्यांनाही थांबवलं नाही. तो माझ्या बाजूने होता की नव्हता, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांना मीठ आहे का, वीज आली का एवढंच बोललो. जून संपत चालला होता.

मॅडमनी मार्ग काढला होता. ज्यांचं भात आहे त्यांनी एक दिवस गोदामात यायचं आणि त्यांच्यासमोर सांगायचं, हे पोतं माझं, गिरणीत भरडायला ठेवलंय. त्याखाली सही किंवा अंगठा. तेवढं झालं की त्या आमचं भात वेगळं, लोकांचं वेगळं लिहिणार होत्या. शुक्रवार ठरला. सांगायला नवरा स्वतः घरोघरी आणि वाडीत फिरला. आता या माणसाला दोन वाक्यांत निरोप देता येत नाही. कोणी विचारलं "का रे, काय झालं?" की हा खाली मान घालून म्हणायचा, "गिरनी जरा अडचनीत हाय." झालं. संध्याकाळपर्यंत देवळाच्या पारावर बातमी पक्की झाली, गिरणीवर धाड पडणार. आम्हाला याचा पत्ताच नव्हता.

शुक्रवारी सगळे आले. धुतलेले कपडे, बायकांनी केसांना तेल लावलेलं. मला बरं वाटलं, म्हटलं, लोकांनी मनावर घेतलंय. मॅडमना टेबल मांडून दिलं. दाराशी भावोजीही येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. सगळ्यात आधी आमच्या आळीतले म्हातारे काका पुढे आले. त्यांची पोती माझ्या डोळ्यांसमोर टेम्पोतून उतरली होती.

"काका, यातलं तुमचं कुठलं?" मॅडमनी विचारलं.

"माजं?" काकांनी गोदामाकडे असं बघितलं की जसं काय आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. "माजं काय नाय. सगलं गिरनीचं."

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. पण त्यांच्यामागची बाई तेच म्हणाली. तिच्यामागचा माणूसही तेच. "गिरनीचं हाय सगलं. आमी तं तांदूल इकत नेतो इथून." एकामागून एक. नवरा गडबडला, "अरे, असं काय बोलताव, तुजंच ना ते, मांघच्या बुधवारी नाय का तू..." तर तो माणूस त्यालाच दटावायला लागला, "तू गप रे." आणि जाता जाता मला डोळा मारून गेला. काळजी करू नको, असा तो डोळा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पारावर बसून त्यांनी ठरवलं होतं. गिरणी अडचणीत आहे, बाई मोजायला येतेय, तर कोणी आपलं पोतं मागायचं नाही. सगळ्यांनी गिरणीचं म्हणायचं. वर्षाचं खाणं होतं ते त्यांचं. आणि माझ्यासारखीला, जिने त्यांना कोंड्याच्या घमेल्यावरून बोलून घेतलं होतं, त्यांनी ते एका वाक्यात देऊन टाकलं होतं. मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी सगळ्यांना एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली.

मॅडम मात्र शांत होत्या. "म्हणजे बँकेला दिलेला तक्ता बरोबर आहे असं म्हणायचं का?"

गोदामात उभ्या असलेल्या प्रत्येकाने साक्ष दिली होती. मी फक्त गप्प राहायचं होतं. ताळेबंद जसा होता तसा पुढे गेला असता, खऱ्या सीएची खरी सही आली असती, उचल राहिली असती, जागा राहिली असती. दारातून भावोजी म्हणाले, "झालं की मंग. सगलं गाव बोलतंय." नवरा हसत होता. मी सांगितलंच, तो कधी हसतो ते. एक क्षण मीही मनातून म्हटलं, होऊ दे. इतकी वर्षं काही झालं नाही, अजून एक वर्ष होणार नाही. आज हे लिहिताना तो क्षण लपवावा असं वाटत नाही.

रांगेत शेवटी वाडीतली मावशी होती. तिचा नवरा वारलेला, मुलगा सून भट्टीवरून आल्यावरही मुरबाडला बांधकामावर, घरात ही आणि दोन नातवंडं. दुसऱ्यांच्या शेतात कापणी करून मजुरीत मिळालेलं तिचं भात, दोनच पोती, दाराजवळच ठेवलेली. ती त्या पोत्यांकडे पाठ करून उभी राहिली.

"माजं कुटनं येल, बाय?" ती मॅडमना म्हणाली. "माज्याकरं जमीन हाय काय? गिरनीचंच हाय."

मॅडम तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांची नजर तिच्या मागे गेली, पोत्याच्या तोंडाशी बांधलेल्या चिंधीवर. हिरव्यावर पिवळी फुलं. मग परत मावशीवर. मावशीने नेसलेल्या लुगड्यावर तीच फुलं होती आणि त्याचा काठाकडचा एक तुकडा फाडलेला होता. म्हातारीला ते कळलं. तिने ती फाटकी बाजू पटकन कंबरेला खोचून टाकली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. नवऱ्याकडे नाही, भावोजींकडे नाही.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "सगळेच खोटं बोलतायत. हे भात आमचं नाही."

एवढंच म्हटलं मी, पण आमच्या गावात हे वाक्य कोणी कोणाच्या तोंडावर म्हणत नाही. काकांनी मान खाली घातली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशीचं तोंड एवढंसं झालं.

"असं काय गो बोलतेस?" ती म्हणाली. "आमी काय परकी झालो?"

"परकी नाय गं मावशे." मी तिचा हात धरला. "आमचं बोललीस तं बँक कुलूप लावील त्याला. मंग पावसात पोरांना काय घालशील? तुजं हाय ते तुजं ऱ्हाऊ दे. आमचं जे जायचं ते आमचं जाऊ दे."

भावोजी "येडी झाली ही" असं काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. त्यानंतर ते दोन गणपती आमच्या घरी आले नाहीत. मी नवऱ्याकडे बघायचं टाळत होते. त्या वाक्याने त्याची रस्त्यावरची जागा गेली होती हे त्याला कळलं होतं आणि मलाही. दिवाळीच्या आत ती विकली गेलीच. पण तेव्हा तो पुढे झाला, दाराजवळच्या मावशीच्या पोत्यावर हात ठेवला आणि मॅडमना म्हणाला, "लिवा. ही दोन हिची." मग पुढच्या पोत्याकडे गेला, चिंधी बोटात धरून म्हणाला, "ही काकांची." असा तो पोत्यापोत्याला हात लावत, घराघराचं नाव घेत गोदामभर फिरला. चिंधी बघायची त्याला गरज नव्हती, तरी प्रत्येक चिंधी तो हातात घेत होता. ज्याचं नाव येईल तो माणूस चोरी पकडल्यासारखा पुढे येऊन मॅडमच्या कागदावर सही नाहीतर अंगठा करत होता. मागच्या भिंतीशी पोचल्यावर नवरा थांबला. तिथे उरलेलं थोडंसं भात होतं. त्याकडे बोट दाखवून काय म्हणावं ते त्याला सुचेना.

"हे आमचं," मी म्हटलं.

लोक पांगले. काकांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. मावशी मात्र गेली नाही. अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली. मॅडम कागद गोळा करत होत्या.

"भात माजं. ता समजलं," मावशी मला म्हणाली. ती अजून रागावलेली होती. "मंग गिरनी? गिरनी कोनाची गो?"

मॅडमचे हात थांबले. गिरणी कोणाची हे त्यांच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, नवऱ्याच्या नावासकट. त्यांच्या समोर आता मी एकही शब्द इकडचा तिकडे बोलायचा नव्हता, हे मला चांगलं कळत होतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"गिरनी आपली गं मावशे," मी म्हटलं.

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही.